मद्रासच्या आदल्या रात्री: पाच कसोट्या आणि चार कर्णधारांचं एक प्रकरण

20 जानेवारी 1959 ची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी मद्रासला वेस्ट इंडिजविरुद्धची चौथी कसोटी सुरू व्हायची होती. मालिकेतल्या आधीच्या दोन कसोट्या भारत लागोपाठ हरला होता आणि त्यातली एक तर डावाने आणि 336 धावांनी. नेमक्या त्या रात्री भारताचे कर्णधार पॉली उम्रीगर यांनी कर्णधारपद सोडलं. सकाळी संघ घेऊन विनू मंकड मैदानात उतरले आणि उम्रीगर त्यांच्या हाताखाली नुसते फलंदाज म्हणून खेळले.

मी मालवण तालुक्यातल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. गावच्या टेनिस बॉल संघाची निवड करणाऱ्या पाच जणांत गेली बरीच वर्षं माझं नाव असतं. उम्रीगरांची गोष्ट मी मुलांना नेहमी सांगायचो, पण ती लांबची, मोठ्या माणसांची, जुनी गोष्ट म्हणून. गेल्या मे महिन्यात आमच्याच संघात स्पर्धेच्या आदल्या रात्री जवळजवळ तसंच घडलं. त्या वेळी निवड समितीच्या बाकावर मी स्वतः बसलो होतो. म्हणून हे प्रकरण नीट, सुरुवातीपासून मांडतो आहे. आपल्याकडे गावोगाव मंडळं आहेत, संघ आहेत, आणि दर उन्हाळ्यात तीच भांडणं आहेत. कुणाला तरी उपयोग होईल.

मालिका

पहिली कसोटी 28 नोव्हेंबर 1958 ला मुंबईत, ब्रेबॉर्नवर सुरू झाली. कर्णधार म्हणून नेमले होते हैदराबादचे ऑफस्पिनर गुलाम अहमद. ते ऐन वेळी खेळू शकले नाहीत, म्हणून उम्रीगरांकडे संघ आला. या दोघांत ही अदलाबदल पहिल्यांदाच होत नव्हती. 1955-56 मध्ये न्यूझीलंडविरुद्ध पहिल्या कसोटीत गुलाम अहमद कर्णधार होते, उरलेल्या चार कसोट्यांत उम्रीगर, आणि त्यांतल्या दोन भारताने जिंकल्या होत्या. म्हणजे जिंकून दाखवलेला कर्णधार संघातच होता, तरी पहिली पसंती दुसऱ्याला होती. ब्रेबॉर्नची कसोटी अनिर्णित राहिली. शेवटच्या डावात पंकज रॉय यांनी 90 धावा करताना सात तासांहून जास्त वेळ किल्ला लढवला.

दुसरी कसोटी कानपूरला. गुलाम अहमद परतले, उम्रीगर पुन्हा साधे खेळाडू झाले. त्या सामन्यात सुभाष गुप्ते यांनी पहिल्या डावात 102 धावांत 9 बळी घेतले. दहावा बळी, लान्स गिब्जचा, वसंत रांजणे यांना मिळाला, नाहीतर गुप्ते त्या दिवशी अख्खा संघ एकट्याने गुंडाळून मोकळे झाले असते. वेस्ट इंडिज 222 वर बाद. भारतही 222 वरच बाद. बरोबरीची लढत होती. मग गॅरी सोबर्सने 198 धावा कुटल्या आणि वेस हॉलने सामन्यात 11 बळी घेतले. भारत 203 धावांनी हरला.

तिसरी कसोटी कलकत्त्याला, ईडन गार्डन्सवर. रोहन कन्हाय 256, बेसिल बुचर 103, सोबर्स नाबाद 106. वेस्ट इंडिजने 5 बाद 614 वर डाव सोडला. भारत 124 आणि 154. त्यानंतर गुलाम अहमद कर्णधारपदावरून आणि कसोटी क्रिकेटमधूनही बाजूला झाले.

चौथीला पुन्हा उम्रीगर नेमले गेले, आणि त्यांनी आदल्या रात्री सोडलं. मंकड आले. मंकडही नवखे नव्हते, 1954-55 च्या पाकिस्तान दौऱ्यात पाचही कसोट्यांत तेच कर्णधार होते. पण मद्रासला संघ त्यांच्या ताब्यात आला तो सकाळी. भारत 295 धावांनी हरला.

पाचवी कसोटी दिल्लीला. तिथे मंकड संघात होते, पण कर्णधार नव्हते. कर्णधार केलं हेमू अधिकारी यांना. पुण्यात जन्मलेला, लष्करात नोकरी करणारा 39 वर्षांचा हा फलंदाज त्या मालिकेत तोवर एकही सामना खेळला नव्हता. अधिकाऱ्यांनी 63 आणि 40 धावा केल्या, तीन बळीही घेतले. चंदू बोर्डे यांनी 109 आणि 96 केल्या. सामना अनिर्णित राहिला, आणि अधिकाऱ्यांचीही ती शेवटची कसोटी ठरली.

पाच कसोट्यांत चार कर्णधार. अडीच महिनेही झाले नव्हते.

मद्रासला नेमकं काय झालं

मद्रासच्या कसोटीसाठी संघात एक जागा भरायची होती. उम्रीगरांना तिथे फलंदाज हवा होता, मुंबईचे मनोहर हर्डीकर. समोर हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट हे वेगवान गोलंदाज होते. भारताचे डाव पत्त्यांसारखे कोसळत होते, तेव्हा एक फलंदाज वाढवावा ही मागणी समजण्यासारखी होती. क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष आर. के. पटेल यांचा आग्रह ऑफस्पिनर जसू पटेल यांच्यासाठी होता. अध्यक्षांचा शब्द वरचढ ठरला. उम्रीगरांनी पद सोडलं.

ही गोष्ट सांगितली की मुलं लगेच विचारतात, "सर, बरोबर कोण होतं? हर्डीकर की पटेल?" सगळे वाद आपण असेच लढतो, हा चांगला की तो चांगला. या प्रकरणात त्या प्रश्नाचं उत्तर मिळूनही काही सुटत नाही, आणि म्हणूनच मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं.

कारण डिसेंबर 1959 मध्ये, म्हणजे अकरा महिन्यांनी, कानपूरच्या नव्या खेळपट्टीवर रिची बेनोंच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध हेच जसू पटेल खेळले. निवड समितीचे अध्यक्ष लाला अमरनाथ यांनी त्यांच्यासाठी आग्रह धरला होता. पटेलांनी पहिल्या डावात 69 धावांत 9 आणि दुसऱ्यात 55 धावांत 5 बळी घेतले. भारताने ऑस्ट्रेलियावर पहिला कसोटी विजय मिळवला, 119 धावांनी. दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलिया 105 वर संपली तेव्हा दुसऱ्या टोकाकडून 27 धावांत 4 बळी घेणारा गोलंदाज कोण होता? पॉली उम्रीगर.

ज्या खेळाडूच्या निवडीवरून उम्रीगरांनी कर्णधारपद सोडलं, त्याच्याच जोडीने त्यांनी ऑस्ट्रेलियाला गुंडाळलं. म्हणजे भांडण जसू पटेलांशी नव्हतंच. पटेल चांगले होते आणि हर्डीकरही चांगले होते. भांडण एवढंच होतं की उद्या सकाळी जो माणूस या अकरा जणांना घेऊन मैदानात उतरणार आहे, त्याच्या म्हणण्याला किती वजन आहे, आणि हे त्याला कधी कळणार आहे. मंडळाने हे आधी सांगितलं असतं, की अंतिम अकरा आम्हीच ठरवू, तुम्ही फक्त मैदानावरचं बघा, तर उम्रीगरांनी पद स्वीकारायचं की नाही हे घरी बसून, शांत डोक्याने ठरवलं असतं. कर्णधाराचा शब्द शेवटचा, असं ठरलं असतं तर हर्डीकर खेळले असते. दोन्ही पद्धती चालतात. जगात दोन्हींनी संघ जिंकलेले आहेत. ज्याला पद दिलं, त्यालाच सामन्याच्या तोंडावर कळावं की त्या पदात काय आहे आणि काय नाही, हे मात्र चालत नाही.

कर्णधार बदलले नसते तर आपण मालिका जिंकलो असतो, असं मला म्हणायचं नाही. हॉलने त्या मालिकेत 30 बळी घेतले, गिलख्रिस्टने 26. कितीही स्थिर नेतृत्व असतं तरी तो वेग तोच राहिला असता. पण कानपूरला 222 विरुद्ध 222 असताना, गुप्त्यांसारखा गोलंदाज हाताशी असताना, पुढच्या सामन्यात आपण कसं खेळणार आहोत हे आदल्या सामन्यापासून ज्याच्या डोक्यात चाललंय असा एक तरी माणूस हवा होता. इथे दर वेळी नवा माणूस नवीन पाटी घेऊन बसत होता.

आणि हर्डीकर? या गोष्टीत त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. त्यांच्या वाट्याला आयुष्यात दोनच कसोट्या आल्या, त्या याच मालिकेतल्या. पुढे त्यांनी मुंबईचं कर्णधारपद केलं, म्हणजे संघ चालवण्याची अक्कल असलेला माणूस होता तो. दोन मोठी माणसं आपल्या नावावरून ताणाताणी करत आहेत आणि आपण बाहेर, ही रात्र त्यांनी कशी काढली असेल, हे मला गेल्या मे महिन्यापर्यंत कधी सुचलंच नव्हतं.

समोरच्या तंबूत

त्याच दौऱ्यात वेस्ट इंडिजचे कर्णधार जेरी अलेक्झांडर यांच्यापुढेही एक अवघड प्रसंग आला. गिलख्रिस्ट अंगावर, डोक्याच्या उंचीने थेट फुलटॉस टाकायचा. उत्तर विभागाविरुद्धच्या सामन्यात स्वरणजित सिंग फलंदाजी करत असताना त्याने तसे चेंडू टाकले आणि कर्णधाराने सांगूनही ऐकलं नाही. भारताचा दौरा संपताच अलेक्झांडर यांनी त्याला घरी पाठवलं. संघ तिथून पुढे पाकिस्तानात खेळायला जाणार होता, तरीही. गिलख्रिस्ट पुन्हा कधी कसोटी खेळला नाही.

याची किंमत लागली. पाकिस्तानात वेस्ट इंडिज 2-1 ने हरले. 26 बळी घेणारा गोलंदाज परत पाठवल्यावर हे होणारच होतं. पण अलेक्झांडर यांचा शब्द मोडला गेला नाही आणि संघात पुढे कुणाच्या मनात शंका राहिली नाही की शेवटचा शब्द कुणाचा. तो निर्णय बरोबर होता की कठोर, यावर वाद घालता येईल. माझ्या मते बरोबर होता, कारण दुसऱ्याच्या डोक्याशी खेळ चालला होता.

इकडे भारताचं चक्र थांबलं नाही. 1959 च्या उन्हाळ्यात इंग्लंड दौऱ्यासाठी दत्ताजीराव गायकवाड कर्णधार झाले. लॉर्ड्सच्या कसोटीत त्यांच्या जागी पंकज रॉय. मालिका 5-0 ने गेली. डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलिया आली तेव्हा जी. एस. रामचंद. मोजून पाहा: उम्रीगर, गुलाम अहमद, मंकड, अधिकारी, गायकवाड, रॉय, रामचंद. ब्रेबॉर्नपासून एक वर्ष आणि दोन आठवडे, अकरा कसोट्या, सात कर्णधार. रामचंद यांना मात्र पाचही कसोट्या सलग मिळाल्या, आणि कानपूरचा विजय त्यातलाच.

कर्णधारपदाचं हे दुखणं 1958 चं नाही. आपल्या रत्नागिरीकडच्या पालवणकर बंधूंची गोष्ट घ्या. बाळू पालवणकर 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेऊन आले, पण जातीमुळे मुंबईच्या चौरंगी स्पर्धेतल्या हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं गेलं नाही. 1920 मध्ये डावललं गेल्यावर भावांनी संघातून अंग काढून घेतलं, लोकांत आवाज उठला, आणि 1923 मध्ये धाकटे विठ्ठल कर्णधार झाले. तिथे अन्यायाची जात वेगळी होती, मद्रासच्या वादाशी तिची तुलना होऊ शकत नाही. एवढंच म्हणायचंय की संघ कोण निवडतो आणि का, हे बंद दाराआड राहिलं की लायक माणूस बाहेर ठेवणं फार सोपं जातं.

आमचा मळा

आता आमच्याकडचं. भात कापून झालं की मळा मोकळा होतो. शिमग्यानंतर पोरं रोलर फिरवून, पाणी मारून पिच करतात, आणि मे महिन्यात चाकरमानी आले की रात्रीच्या स्पर्धा सुरू होतात. ज्यांना कोकण माहीत आहे त्यांना सांगायला नको की आमच्या गावात दोन मंडळं असतात, गावचं आणि मुंबईचं. टी-शर्ट, बॉलची पेटी, प्रवेश फी मुंबई मंडळ देतं. वर्षभर सराव गावची पोरं करतात. निवड दोघांची मिळून, असं सगळे म्हणतात. म्हणजे कुणाची, हे कुणीच ठरवलेलं नसतं.

आमचा कप्तान चोवीस वर्षांचा, पहाटे होडीवर जाणारा मुलगा. जानेवारीपासून त्याने संघ बांधला होता. यष्टिरक्षक कोण, शेवटचं षटक कोण टाकणार, सगळं त्याच्या डोक्यात पक्कं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी कोकणकन्या रेल्वेने मुंबईचा एक खेळाडू उतरला. चांगला खेळाडू, यात वाद नाही. रात्री देवळाच्या सभामंडपात आम्ही पाच जण बसलो आणि गावचा यष्टिरक्षक काढून त्याला घेतलं. कप्तान तेव्हा बंदरावर होता. त्याला कळलं ते ग्रुपवर आलेल्या यादीवरून.

तासाभरात तो सभामंडपात आला. ओरडला नाही. मला म्हणाला, "सर, टीम तुमीच काडलात, मगे कप्तानीय तुमीच करा. माका आधी सांगूक होया होता, इतक्याच."

आम्ही दुसऱ्याला कप्तान केलं. मुंबईहून आलेला मुलगा दोन्ही सामन्यांत झकास खेळला आणि तरी आम्ही उपांत्य फेरीत हरलो. हरायचं कारण एकच नसतं, पण मी सीमारेषेवरून बघत होतो. क्षेत्ररक्षण कुणी लावत नव्हतं. नवा कप्तान दर चेंडूला जुन्याकडे बघायचा आणि जुना लाँगऑनला उभा राहून जमिनीकडे. शेवटच्या षटकासाठी बॉल कुणाला द्यायचा यावर मैदानातच चर्चा झाली.

त्या रात्री सभामंडपात मी गप्प बसलो होतो, हे मला इथे लिहायलाच हवं. मला मद्रासची गोष्ट पाठ होती. मी ती मुलांना सांगायचो. पण समोर मुंबई मंडळाची माणसं बसलेली, टी-शर्टाचे पैसे त्यांचे, मे महिन्याचे चार दिवस, कशाला वाईटपणा, असा विचार केला. मंडळातली बहुतेक माणसं वाईट नसतात, असाच विचार करतात.

पावसाळ्यात मी कप्तानाच्या घरी गेलो. होड्या वर ओढलेल्या, त्याला वेळ होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, "सर, तो मुंबयचो बरो खेळता. माका इचारला असता तर मीच घेतलो असतंय." तेव्हा मला उम्रीगर आणि जसू पटेल कानपूरला एकत्र बॉल टाकताना डोळ्यांसमोर आले.

मग त्याला आणि दोन्ही मंडळांना गणपतीत एकत्र बसवलं, कारण तेव्हा सगळे गावात असतात आणि आरती झाल्यावर माणसं जरा मवाळ असतात. बराच वाद झाला. ठरलं ते असं: पंधरा नावं समिती काढेल, आणि त्यात मुंबई मंडळाचं म्हणणं पूर्ण ऐकलं जाईल. पंधरांतले अकरा मात्र कप्तान काढेल. पटलं नाही तरी समिती सामन्यानंतर बोलेल, आधी नाही. पंधरांची यादी स्पर्धेच्या आठ दिवस आधी बंद. त्यानंतर कोकणकन्येने कुणीही उतरला तरी तो प्रेक्षक. आणि कप्तान एकदा नेमला की मोसमभर तोच, एका पराभवाने बदलायचा नाही. मुंबई मंडळातल्या एका काकांनी विचारलं, आमचे पैसे आणि आम्हाला अकरांत बोलायचं नाही? प्रश्न रास्त होता. त्यावर उत्तर कप्तानानेच दिलं. "काका, तुमी कप्तान बदला, चलात. पण माका कप्तान ठेवलात तर माका खेळवूक द्या." काका थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "लिही."

हे कागदावर आहे, आमच्या पाच जणांच्या सह्यांनी. यात एक जोखीम आहे आणि ती मी लपवणार नाही: कप्तान आपल्या वाडीचीच पोरं खेळवू शकतो. त्यावर आमच्याकडे अजून पक्का उपाय नाही. पंधरांच्या यादीत सगळ्या वाड्या येतील एवढं आम्ही बघतो.

या वर्षी स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी कप्तानाचा फोन आला. अकरा काढून झाले होते. मुंबईचा तो मुलगा आठ दिवस आधीच आला होता आणि अकरांत होता. गावचा यष्टिरक्षक पुन्हा बाहेर होता. "सर, नावां ग्रुपवर टाकू?"

मी म्हटलं, थांब. आधी त्याच्या घरी जा.

तो रात्री साडेआठला त्याच्या खळ्यात जाऊन बसला. दहाच्या सुमारास यादी ग्रुपवर आली, आणि तिच्याखाली पहिला निरोप त्या यष्टिरक्षकाचा होता: सकाळी रोलर मी फिरवतंय.